एक गोटी जास्त

नाही. तुम्ही वाचलंत, मी ऐकलं, आता तो कागद घडी घालून पाकिटात टाका. सही मिळणार नाही. बसायचं तर त्या लाकडी घोडीवर बसा, हलायची नाही ती — माझ्या हातची कुठलीच वस्तू हलत नाही. भुसा लागेल पँटला, झटकला की जातो. काय, पुन्हा वाचता? वाचा. ‘सुताराच्या अनवधानाने मेजास छिद्र राहून गेले, व त्यातून सन्माननीय प्रतिनिधींच्या कोटाचे बटण खाली घरंगळले.’ अनवधानानं म्हणजे चुकीनं ना? मग सरळ चुकीनं लिहा की. माझी शाळा चार इयत्तांची, पण माणूस मोठा शब्द वापरायला लागला की काहीतरी झाकतोय, एवढं कळतं मला. आणि ते बटण — आणलंय ना बरोबर? काढा. द्या इकडे. हे बटण? बटणाला भोकं असतात, साहेब. दोन असतात, चार असतात. ह्याला एक तरी दाखवा. ही गोटी आहे. काळी गोटी. तुमच्या सभागृहात ‘नाही’ म्हणायला टाकतात ती. आणि कुठून आली तेही सांगतो, तुम्ही विचारायच्या आधी — माझ्या घरातून आली. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिथल्या सगळ्या गोट्या मीच कातल्या, काळ्या आणि पांढऱ्या. ही एका अंगाला बसकी आहे, बोट फिरवून बघा. तेव्हाच्या माझ्या मिस्त्रीनं नापास केली. अशा नापास पंधरा-वीस डब्यात घालून घरी आणल्या होत्या, पोरगी लहानपणी खेळायची त्यांच्याशी. परवा डबा उघडून बघितला. पांढऱ्या तशाच आहेत. काळी एक कमी आहे.

लिहा ना, लिहून घ्या. मी घाबरत नाही. पेपर मीही वाचतो — सावकाश वाचतो, पण पुरा वाचतो. आमचं न्यायालय हलवायच्या कायद्यावर मतदान झालं, मत देणारे तीनशे बारा आणि पेटीतून गोट्या निघाल्या तीनशे तेरा. तीनदा मोजल्यात. तिन्ही वेळा तीनशे तेरा. मग सभापतींनी विचारलं, ही जास्तीची कुणाची? आणि भिंतीकडच्या शेवटच्या मेजावरून माझी थोरली उठली. म्हणाली, माझी. एवढंच म्हणाली. आणि मेजातून निघालेला तो लाकडाचा तुकडा सगळ्यांना दिसेल असा वर ठेवला. बरोबर ना? आता तुमची अडचण मला ठाऊक आहे. ती गोटी मत असेल तर मोजणी बिघडली, मतदान पुन्हा घ्यावं लागणार, कायदा लटकला. बटण असेल तर काही झालंच नाही. म्हणून सुतार पाहिजे. म्हाताऱ्या सुतारानं म्हणायचं, माझ्या हातून चूक झाली, मला माफ करा. अहो, चाळीस वर्षांत माझं एक दार कुणी परत आणलेलं नाही. एक खिडकी नाही. आणि मी लिहून देऊ, चूक झाली? भोक मी पाडलंय. मुद्दाम पाडलंय. हे लिहा.

तुम्ही ते सभागृह वरून बघितलंय. मी खालून बघितलंय. म्हणून मी सांगतो आणि तुम्ही ऐका. मेजाच्या फळीला उजव्या हाताशी भोक. भोकाखाली लाकडी पन्हळ, रांगेतल्या पहिल्या मेजापासून शेवटच्या मेजापर्यंत सगळ्यांच्या खालून जाणारी, भिंतीकडे उतरती. सभासदाला दोन गोट्या देतात, एक पांढरी, एक काळी. एक भोकात टाकायची, एक दारात परत करायची. टाकलेली गोटी पन्हळीतून घरंगळत जाते भिंतीपाशी, तिथे पेटी. कुणी कुठली टाकली कुणाला कळत नाही. आणि ज्यांना मत नाही त्यांना कुठं बसवलंय? रांगेच्या टोकाला, पेटीला लागून. म्हणजे सगळ्या राज्यांच्या गोट्या त्यांच्या गुडघ्यावरून जातात. आवाज ऐकलाय तुम्ही कधी? तुम्ही सज्जात बसता, तिथे पोचत नाही. मी ऐकलाय, पन्हळीचा उतार तपासताना. खडखड नाही, गडगडही नाही — कुणीतरी दात खातंय असा आवाज. माझी पोरगी नऊ वर्षं तो ऐकत बसलीय. भाषण करायचं, सगळे माना हलवणार, ‘उत्तम मुद्दा’ म्हणणार, आणि मग हात मांडीवर ठेवून आवाज ऐकायचा.

तिच्या मेजाला भोक का नव्हतं? — तुम्ही मला विचारताय! कचेरीत बसता तुम्ही. बरं, मीच सांगतो, मला मिस्त्रीनं सांगितलं तसं. नकाशे-बिकाशे मला कळत नाहीत, मेजं कळतात. आपल्या देशात राज्यं आहेत. राज्य म्हणजे ज्याचं घर स्वतःच्या पायावर उभं आहे — त्याचा कायदा त्यानं केला, संघानं, म्हणजे वरच्या सरकारनं, दिलेला नाही, म्हणून संघाला तो काढून घेता येत नाही. राज्याच्या मेजाला भोक. मग आहेत प्रदेश. आमच्यासारखे. आमच्याकडं जे काही आहे ते दिलेलं आहे — परिषद दिलेली, प्रशासक दिलेला, न्यायालय दिलेलं. आणि दिलेलं परत नेता येतं. आता तेच चाललंय ना? न्यायालय उचलून राज्यातल्या शहरात. इथल्या माणसानं दोन दिवस प्रवास करून जायचं आणि त्याला न ओळखणाऱ्या न्यायाधीशासमोर उभं राहायचं. ते ठरवताना आम्हाला बोलायची मुभा, गोटी टाकायची नाही. प्रदेशाच्या मेजाला भोक नाही. कळलं? — आणि कॉमनवेल्थ? हो, तिथे मीही फसलो होतो. चार कॉमनवेल्थ आहेत, ती राज्यंच आहेत, जुनं नाव सोडवत नाही म्हणून पाटीवर ठेवलंय, तसूभर फरक नाही. मेजाला भोक. आणि पाचवं आहे समुद्रापलीकडचं — पितळी पाटीवर शब्द तोच, अक्षरं तेवढीच मोठी, त्यांचं सरकार ते निवडतात, झेंडा आहे, गाणं आहे — आणि मेज बिनभोकाचं. पाटी मीच ठोकली त्याची. तेव्हापासून मी पाटी वाचत नाही, फळीवरून हात फिरवतो.

मी बावीस वर्षांचा होतो. काम नव्हतं इथं, म्हणून राज्यात गेलो, त्या मिस्त्रीच्या कारखान्यात. तीनशे सतरा मेजांचं काम. फळ्यांना गिरमिटानं भोक पाडायचं माझ्याकडं, कारण माझा हात सरळ जायचा. दोन वर्षं राहिलो तिथे. दुसऱ्या वर्षी निवडणूक आली, एक बाई दारोदार यादी करत फिरत होती, मला म्हणाली, किती दिवस राहताय? म्हटलं, दीड वर्ष. म्हणाली, मग नाव घाला. घातलं. राष्ट्राध्यक्षाला मत दिलं मी, साहेब. रांगेत उभं राहून. काम संपलं, गावी आलो, हिच्याशी लग्न केलं — आणि पुढच्या निवडणुकीला इथल्या कचेरीत गेलो तर तिथला माणूस हसला. म्हणाला, काका, ते तिथे होतं, इथं नसतं. काका म्हणाला मला, मी सव्वीसचा. माणूस तोच. हात तोच. सीमेवरची नदी ओलांडली की मत उगवतं, परत ओलांडली की झडतं. हे मला कुणी समजावून द्या. तुम्ही द्या.

तर काय सांगत होतो — भोक. तीनशे सतरा फळ्या होत्या. मी तीनशे सतरा भोकं पाडली. फळी आली की गिरमिट लावायचं, हा हिशोब. ज्याला बसायला मेज, त्याला गोटी टाकायला भोक — यात विचारायचं काय? शेवटची फळी झाली त्या दिवशी मिस्त्री आला, यादी काढली, पाच फळ्या बाजूला ओढल्या आणि माझ्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर. म्हणाला, गाढवा, ह्यांना भोक नसतं, तुला माहीत नाही? त्यातली एक तुझ्याच मुलखाची आहे! मला खरंच —

काय म्हणालात?

‘मग मुद्दाम कसं?’ हं. चांगलं ऐकता तुम्ही. नुसते लिहीत नाही.

बरं. नव्हतं मुद्दाम. मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांचा घोडा, स्वतःच्या मुलखाला मत नाही हे मला कानाखाली बसेपर्यंत माहीत नव्हतं. झालं समाधान? एकेचाळीस वर्षांत हे हिलासुद्धा सांगितलेलं नाही. ती आत उभी आहे, दाराआड, मला दिसतेय तिची सावली. ऐक, आता ऐकलंसच आहेस तर सगळं ऐक.

चूक होती म्हणता? थांबा. घाई करू नका, पेन खाली ठेवा. ती चूक नव्हती. चूक मी त्यानंतर केली. मिस्त्री म्हणाला, बुजव. आणि मी बुजवलं. ‘नाही’ म्हटलं नाही, ‘का’ म्हटलं नाही. त्याच फळीच्या तुकड्यातून गट्टू कातला, लाकडाची नस नसेला जुळवून आत ठोकला, वरून रंधा मारला, काचकागदानं घासला, पॉलिश केलं. डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागणार नाही असं केलं. मिस्त्री खूष झाला. म्हणाला, असं काम मी बघितलं नाही. आणि मला — सांगतो, आता काय राहिलंय — मला बरं वाटलं. शाबासकी मिळाली म्हणून बरं वाटलं. आमचंच तोंड बुजवलं मी आणि वरून पॉलिश केलं आणि मला बरं वाटलं.

थोरली शिक्षिका होती आधी. मग लोकांनी उभं केलं, निवडून आली. पहिली सात वर्षं तिला माहीतच नव्हतं ती कुणाच्या मेजावर बसते. मी सांगितलं नाही. मग एकदा पेन पडलं म्हणून वाकली, फळीखाली हात गेला, खूण लागली हाताला — दोन चिरा आणि मधे टिंब. माझी खूण ती. तिच्या पाळण्यालाही आहे. सुट्टीत घरी आली, ताटावर बसली आणि म्हणाली, बाबा, ती मेजं तुम्ही केलीत? म्हटलं, हो. म्हणाली, आमचंही? म्हटलं, हो. म्हणाली, आणि गुळगुळीत केलंत. म्हटलं, काम होतं, केलं. त्याहून जास्त मी कुणाशीच बोलत नाही. ती जेवली, ताट घासलं, गेली. दोन वर्षं झाली. घरी येते, आईशी बोलते, मला निरोप आईकडून — ‘बाबांना सांग औषध घ्या’. मीही आईकडून — ‘तिला सांग घेतलं’. ही म्हणते, बापलेकीच्या मधे माझं टपालखातं झालंय, सुट्टीसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणता, तिचं भलं होईल. बटण म्हटलं तर तिची जागा राहील, मत म्हटलं तर तिला काढतील, वर मला बोलावतील, माझ्या ह्या कारखान्याचा परवाना जाईल. हे तुम्ही मघाशी हळू आवाजात सांगितलंत, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. आलं होतं. एक विचारतो. तिचा जबाब घेतला असेल ना? काय म्हणाली ती? त्या फायलीत आहे, मला वरून दिसतंय तिचं अक्षर. वाचा. मी डोळे बंद करतो, म्हणजे मी बघितलं असं होणार नाही. वाचा.

…‘मेजाचा गट्टू मी स्वतः अंगठ्याने खालून ढकलून काढला. तो कुणी बसवला हे मला ठाऊक नाही. गोटी बाजारातून घेतली.’

बाजारातून. ह्या बसक्या गोट्या कुठल्या बाजारात मिळतात? — तिला ठाऊक आहे कुणी बसवला. खूण हाताला लागलेली आहे. नाव घेतलं नाही तिनं. हं.

नाही, काही नाही. भुसा गेला डोळ्यात.

ऐका आता. तीनशे बारा माणसांसमोर ती उठली आणि ‘माझी’ म्हणाली. मी तिला खाली बसवणार नाही. तिची जागा जायची तर जाऊ दे, ज्या जागेवर नुसतं बसायचंच आहे ती गेली तर काय गेलं? पण ती उठली ते राहील. बटण म्हटलं की ते जातं. मग लोक म्हणतील, ती कोटाचं बटण शोधायला उभी राहिली होती. माझ्या सहीनं हे होणार नाही. तुमचा कागद फाडत नाही, सरकारी आहे. दुसरा काढा, कोरा. मी सांगतो ते लिहा, त्याच्याखाली सही करतो, अंगठाही देतो पाहिजे तर. लिहा — मी सुतार, वय त्रेसष्ट, ह्या प्रदेशाचा रहिवासी, अमुक वर्षी सभागृहाच्या मेजांचं काम केलं. लिहिलंत? भोक पाडलं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून. भोक बुजवलं ती माझी चूक. ती कबूल. आणि बुजवताना लाकूड चिकटवायचा सरस लावला नाही. हे नीट लिहा. सरस लावला नाही. मिस्त्रीनं सरसाचं भांडं माझ्या हातात दिलं होतं, ऊन ऊन. मी ते ओतून दिलं भुशात आणि गट्टू सुके ठोकले. तेवढं एक मी जाणून केलं. शाबासकीच्या आधी केलं, म्हणून ती चालली मला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, गट्टू घट्ट बसतो. उन्हाळ्यात सुकतो. फळी आणि पन्हळ ह्यांच्यामध्ये चार बोटं जागा ठेवलीय, खालून अंगठा लावला की निघतो. अंगठाच लागतो, हत्यार नाही. एकेचाळीस वर्षं वाट बघत होतो मी, कुणाच्या हाताला लागतं का. शिक्षा काय असेल ती मला द्या, तिनं फक्त ढकललं, उघडं मी ठेवलं होतं. पाचही ठिकाणी तसंच —

थांबा.

पाच नका लिहू. एक लिहा. तुम्ही एकाबद्दल आलाय, एकच लिहा. — लिहून झालं? दाखवा. चष्मा कुठे ठेवला मी… बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं. हे म्हातारपण. जन्मभर तोंड बंद ठेवलं आणि एका सकाळी घडाघडा… जाऊ दे. लिहिलं असेल तर लिहिलं असेल. मी शब्द परत घेत नाही. पाच आहेत. पाच फळ्या होत्या, पाच गट्टू आहेत आणि पाचही सुके. आमचं एक, दुसऱ्या दोन प्रदेशांची दोन, त्या पाटीवाल्या कॉमनवेल्थचं एक. जा, सांगा साहेबांना. सुतार आणा आणि सरस ओतून घ्या. मी येणार नाही.

पाचवं? पाचवं राजधानीचं. राजधानीचं शहर कुठल्या राज्यात नाही ना, ते संघाचं. त्याचा माणूसही सभागृहात बसतो, बोलतो आणि गोट्यांचा आवाज ऐकतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की त्याचंच गाव, पण आत त्याला भोक नाही. तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही तिथेच… हो, मघापासून विचारायचं राहिलं. तुम्ही राहता कुठं? तिथेच? किती वर्षं? — सहा. पोरं? तिथेच जन्मली. म्हणजे बोलणं राज्यातलं, पण नाव राज्याच्या मतदार यादीतून गेलं असणार. आणि तुमच्या पोरांचं तर कधी नव्हतंच.

हं.

पेन का थांबलं? लिहा ना. तुमची नोकरी आहे. मी सांगितलं ते सगळं लिहा, तुमच्यासाठी मी काही लपवणार नाही, तुम्हीही माझ्यासाठी लपवू नका. मला मेहेरबानी चालत नाही. — ‘एक’ लिहिलंत? बघू. …‘भिंतीकडील एका मेजाचा गट्टू’. एका. बरं. त्याच्याखाली मी सही करतो, कारण तेवढं खरं आहे. बाकीचं तुम्ही लिहिलं नाहीत ते तुमचं तुम्ही बघा, ते माझ्या सहीत येत नाही. द्या पेन. हं, ही घ्या. अक्षर वाकडं आहे, पण पुरं आहे. आणि ही गोटी पुराव्यात जाऊ द्या, तशीच, बसकी. काही घासूबिसू नका तिला.

आता उठा. मला काम आहे.

अजून काय? — कुठल्या रांगेत? राजधानीचं मेज कुठल्या रांगेत आहे, हे मला विचारता?

दाराला कडी नाहीये, बाहेरून ओढून घ्या.